पाचवा ठोका

शनिवारी दुपारी आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कोर्ट भरायचं. आरोपी कधीच हजर नसायचा, कारण तो मोठा गायक होता आणि आमच्या दुकानाचा पत्ता त्याला माहीत असला तरी आठवत नसे. कोर्टात जमणाऱ्यांनी त्याचं नाव घसा ठेवलं होतं. घसा आणि माझा नवरा एकाच बँडमध्ये होते. घसा गायचा, नवरा ड्रम वाजवायचा. पुढे घशाचं आणि गिटारवाल्याचं फाटलं, बँड मोडला, घसा एकटा गायला लागला. माझ्या नवऱ्याला नंतर अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण कोर्टात तोसुद्धा लावला जायचा.

मी कपडे अल्टर करते. पॅन्टची उंची कमी करायची, चेन बदलायची, कंबर सोडायची नाहीतर आत घ्यायची. लोक जाड झाले तरी माझ्याकडे येतात आणि बारीक झाले तरी येतात. पुढे माझं मशीन, मागे खोली, मधे एक पडदा. मशीन थांबलं की पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येतं. थांबलं नाही तरी येतं, कारण या लोकांना हळू बोलता येत नाही.

कोर्टात मुख्य माणसं तीन. एक वकील, खराखुरा, लोकांचे घटस्फोट करून देणारा. दुसरा दातांच्या कवळ्या बनवणारा, म्हणून त्याचं नाव कवळी. तिसरा लग्नांचं शूटिंग करतो आणि मग ते कापून, जोडून, गाणी लावून देतो. तो शूटिंगवाला. तिघांचीही वयं झालेली, तिघांचीही पोटं सुटलेली, तिघांच्याही पॅन्टी मीच सैल केलेल्या. आणि खिडकीशी चाकाच्या खुर्चीत माझा नवरा, ज्याला ते दादा म्हणायचे.

पद्धत ठरलेली होती. घशाच्या एकट्याच्या गाण्यांपैकी एक गाणं लावायचं. वकील बचाव करणार, कवळी आरोप करणार, शूटिंगवाला मधे मधे चहा मागणार.

"सुरुवात ऐका फक्त," कवळी म्हणायचा. गाणं सुरू व्हायच्या आधी काठीवर काठीचे ठोके यायचे. टक, टक, टक, टक. "चार! बघा, चारच! बंद करा ते."

"अरे, जगातली सगळी गाणी चार ठोक्यांवर सुरू होतात," वकील म्हणायचा.

"जगातली होऊ देत. घशाची होत नाहीत. घशाच्या गाण्याला पाच लागतात. पाचवा ठोका नाही म्हणजे दादा नाहीत, दादा नाहीत म्हणजे बँड नाही, आणि बँड नाही तर हा माणूस कशाला गातोय? पहिल्या अल्बममध्ये नुसती व्हायोलिनं. दुसऱ्यात शाळेतली पोरं कोरस गातात. आणि तिसऱ्यात तर गातच नाही, कुजबुजतो!"

"माणूस मोठा होतो रे. बदलतो."

"मोठा होत नाही, म्हातारा होतो. दात हलायला लागले की सगळेच कुजबुजतात. मला विचार, माझा धंदाच आहे तो."

मग हसणं. माझा नवराही हसायचा, तोंडाच्या चालत्या बाजूने.

त्या पाचव्या ठोक्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर या बाप्यांना वेड लागलंय असंच कुणालाही वाटेल. बँडच्या पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये माझ्या नवऱ्याने चारऐवजी पाच ठोके दिले. गाणं गाजलं, आणि मग पुढच्या प्रत्येक गाण्याला पाच. कार्यक्रमात हजारो माणसं बोटं वर करून त्याच्याबरोबर मोजायची. या पाचव्या ठोक्यावर लोकांनी काय काय अकलेचे तारे तोडले! कोणी म्हणे तो हृदयाचा चुकलेला ठोका आहे. कोणी म्हणे त्यात जुन्या संगीताचं गणित आहे. कवळीने तर त्यावर एकदा अख्खं भाषण दिलं होतं.

खरी गोष्ट मला ठाऊक आहे, कारण मी त्या खोलीत होते. घशाच्या पॅन्टची चेन ऐनवेळी तुटली होती आणि ती टाचायला मला बोलावलं होतं. त्याच्या तोंडात खोकल्याची गोळी होती. नवऱ्याने ठोके द्यायला सुरुवात केली आणि चौथ्या ठोक्यापर्यंत घशाने गोळी थुंकलेलीच नव्हती. नवऱ्याने ते पाहिलं आणि त्याच्यासाठी एक ठोका जास्त दिला, एवढंच. त्याला सांभाळून घेतलं. मी हे कोर्टाला सांगून पाहिलं. "वहिनी, तुम्ही पण ना," म्हणाले. त्यांना हृदय हवं होतं, गोळी नको होती.

कोर्ट उठायच्या वेळी न चुकता एक प्रश्न यायचा. "दादा, खरं सांगा, एकत्र येणार का हो बँड?"

आणि नवरा म्हणायचा, "बघू."

त्या एका शब्दावर पुढचा शनिवार निघायचा. बघू म्हणजे काय? फोन आला असेल का? मागच्या वेळी नुसतं बघू म्हणाले होते, या वेळी मान हलवून म्हणाले. माझ्या नवऱ्याला फोनबिन काही येत नव्हता. पण तो बघू म्हणाला नाही तर ही माणसं येणार नाहीत, हे त्याला पक्कं कळलं होतं. त्याचं बोलणं अडखळायचं, म्हणून त्याची वाक्यं हेच पुरी करायचे, आणि बहुतेक चुकीची. त्याच्या समोर बसून "दादा वाजवायचे तेव्हा" अशी सुरुवात करायचे, जणू तो भिंतीवर हार घालून लटकलेला आहे. त्याला ते चालायचं. मला चालायचं नाही, पण माझं कोण ऐकतं.

एका मंगळवारी वकील एकटाच आला. हातात नवी पॅन्ट. "वहिनी, पायात जरा लांब होतेय." मी टेप घेऊन खाली बसले तर हा माझ्या डोक्यावर वाकून कुजबुजायला लागला, अगदी घशाच्या तिसऱ्या अल्बमसारखा.

"ठरलं. घसा आणि गिटारवाला, दोघांचं जमलं. बँड परत येतोय. पहिला कार्यक्रम आपल्याच इथे."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी काढल्या. "आणि हे?"

"तेच सांगायला आलो. ड्रमवर एक पोरगा घेतलाय, चांगला आहे. दादांना आता… तुम्हाला दिसतंयच. पण त्यांचे पाच ठोके आम्ही इथे येऊन शूट करणार. कार्यक्रमाची सुरुवात त्यानेच. पडद्यावर दादांचे हात, पाच ठोके, आणि मग बँड सुरू. म्हणजे दादा आहेतच ना त्यात! घशाच्या ऑफिसने हे काम आमच्यावर सोपवलंय, विश्वासाने." बोलताना त्याचा आवाज भरून आला होता. "फक्त त्या पोराचं दादांना आधी बोलू नका. त्यांना त्रास होईल."

"आणि नंतर होणार नाही?"

"नंतर समजून घेतील. मोठ्या मनाचा माणूस आहे."

दुसऱ्याचं मन मोठं आहे असं कोणी सांगायला लागलं की समजावं, त्यात आता काहीतरी कोंबणार आहेत. त्याच्या पॅन्टचा एक पाय मी बोटभर जास्तच आखूड केला. दोन्ही नाही, एकच.

पण बातमी पोटात ठेवणं कवळीला जमतं थोडंच! पुढच्या शनिवारी तो आला तोच नवऱ्याच्या गळ्यात पडला. "दादा, बँड येतोय! कॅमेरा घेऊन येतोय आम्ही, तयारीत राहा!" वकिलाने डोळे वटारले तेव्हा पुढचं गिळलं. नवऱ्याने जेवढं ऐकलं तेवढंच खरं धरलं. बँड येतोय, कॅमेरा येतोय, तयारीत राहा. घसा बघायला मागतोय की याला अजून वाजवता येतं का. दुसरा काय अर्थ लावणार?

त्या दिवसापासून तो माणूसच बदलला. पोटमाळ्यावरच्या काठ्या त्याने मला काढायला लावल्या. डाव्या हाताने माझ्या कापायच्या टेबलावर ठोके देत बसायचा. टेबलावर ठोकून भागणारं नव्हतं, काठीवर काठी हवी, आणि उजव्या मुठीत काठी राहत नव्हती. सारखी निसटून मशीनखाली जायची. मग म्हणाला, "मला एक पट्टा शिवून दे."

मी शिवला. रुंद इलॅस्टिक घेतलं, आतून मऊ फलाटीन लावलं म्हणजे कातडीला काचणार नाही, काठीसाठी एक बारीक खोबणी केली आणि मनगटाशी वेल्क्रोची चिकटपट्टी. तीनदा उसवून परत शिवला. एखाद्या गिऱ्हाइकाने असलं काम सांगितलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पट्ट्यात उजवी काठी पक्की बसली, आणि डाव्या काठीने तिच्यावर ठोका दिला तेव्हा तो आवाज आला. तोच, कोरडा, स्वच्छ. मी पाठ फिरवली आणि उगाच बॉबिन भरायला घेतली.

त्याचं स्टेजवरचं जुनं जॅकेटही काढलं. खांद्यात उतरत होतं. मी दोन्ही बाजूंनी आत घेतलं, तरी ते हँगरवर असल्यासारखंच दिसत होतं. तो आरशात बघून म्हणाला, "बरं दिसतंय ना?" मी म्हटलं, "चालेल." माझी जीभ गोड नाही, हे त्याला लग्नाआधीपासून माहीत आहे.

शूटिंगच्या दिवशी सकाळीच जॅकेट घालून बसला. दाढी मी करून दिली. गालाला साबण लावत होते आणि हा बोलतच होता, अडखळत, पण थांबत नव्हता. घसा स्वतः येईल का गं? नाही येणार, आज नाही. आधी हात बघतील. पहिलं गाणं जुनंच ठेवतील. पायाचं काम डाव्यावर आणता येईल, मी विचार करून ठेवलाय. एक छोटी पट्टी पायालाही शिवशील?

तिथे माझा बांध फुटला. त्याच्यावर राग नव्हता, पण बाहेर पडला त्याच्यावरच.

"तुला नाही बोलावलेलं," मी म्हटलं. "ड्रमवर दुसरा पोरगा घेतलाय. तुझे पाच ठोके तेवढे हवेत त्यांना, पडद्यावर दाखवायला. तू नकोयस. तुझा आवाज हवाय."

वस्तरा माझ्या हातात तसाच. त्याच्या अर्ध्या गालावर साबण. तो आरशात माझ्याकडे नाही, स्वतःकडे बघत होता. मग म्हणाला, "उरलेली दाढी कर." आणि ती झाल्यावर, "पट्टा जरा घट्ट लाव."

तिघं आले. शूटिंगवाल्याने खिडकीला काळं कापड लावलं, माझ्या टेबलावरच्या कात्र्या, खडू बाजूला सारले, दिवे लावले. वकिलाने मला खूण केली की पुढे जाऊन बसा. मी हलले नाही. कवळी नवऱ्याच्या पायाशी जमिनीवर बसला होता, देवळात बसावं तसा. कॅमेरा फक्त हातांवर होता.

"द्या दादा."

टक. टक. टक. टक.

चारही सारखे, रेषेत टाके पडावेत तसे. आणि मग त्याने डावी काठी मांडीवर ठेवली.

सगळे थांबले. कवळीचा एक हात हवेत वर, पाचवं बोट उघडायच्या तयारीत.

"दादा, पाचवा?"

"चार," नवरा म्हणाला.

"हो, पण पाचवा…"

"पाचवा त्याच्यासाठी होता." एकेक शब्द त्याने ओढून काढला आणि कोणालाही मधे पुरा करू दिला नाही. "घशाला सांगा. इथे ये. माझ्यासमोर उभा राहा. तोंड उघड. मग देतो."

वकिलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गिऱ्हाइकाच्या बायकोला समजावताना ठेवत असेल तसा. "सांगतो दादा. नक्की सांगतो. येईल तो."

दिवे उतरवले, कापड गुंडाळलं, चहासुद्धा न घेता निघाले. दुकानाच्या पायरीवर त्यांचं बोलणं झालं. पडदा आडवा असला म्हणून माझे कान कुठे जात नाहीत.

"आता काय? घशाला कोण सांगणार इथे ये म्हणून?" वकील म्हणाला.

"त्यात काय," शूटिंगवाला म्हणाला. "चौथाच कॉपी करून पुढे चिकटवतो. लग्नात नवरी रडली नाही तर मी दुसऱ्या लग्नातली आसवं लावतो. कोणाला कळत नाही."

मी कवळीची वाट पाहिली. म्हटलं हा बोलेल. इतकी वर्षं त्या एका ठोक्यासाठी भांडणारा माणूस, हा तरी म्हणेल की असं करू नका. मी मशीनवरचा पाय काढून घेतला, म्हणजे नीट ऐकू येईल.

"आवाज तोच ना, मग झालं," कवळी म्हणाला. "आणि खरं सांगू, मला बँड बघायचाय. आता नाही तर कधी?"

मी आत गेले. नवरा पट्टा काढत नव्हता. म्हणाला, "येईल बघ तो. त्याला पाचव्याशिवाय सुरूच करता येत नाही." सकाळी एकदा खरं सांगितलं होतं. दुसऱ्यांदा माझी जीभ उचलली नाही.

घसा आला नाही. रोज दुकानाच्या दारात गाडी थांबली की नवरा मान वर करायचा, आणि कोणीतरी ब्लाउज घेऊन आत यायचं. पुढचे शनिवार कोर्टही भरलं नाही. सगळे कार्यक्रमाच्या तयारीत होते. वकिलाने दोन पास पाठवून दिले, सोबत निरोप, की दादांना अवश्य आणा, त्यांच्यासाठी खास जागा ठेवलीय.

"स्टेजवर बोलावणार," नवरा म्हणाला. "म्हणून नाही आला. तिथेच तोंड उघडणार." पास हातात घेऊन हसला. जॅकेटच्या खिशात दोन्ही काठ्या आणि पट्टा ठेवला. मी ते बाहेर काढले नाहीत.

खास जागा म्हणजे सगळ्यात मागे, जरा उंचावर, बाहेर जायच्या दाराशेजारची, चाकाच्या खुर्च्या लावता येतात म्हणून. पुढे माणसांचा समुद्र. आमचं कोर्ट मला लांबून दिसलं, पहिल्या रांगेत. वकिलाने तीच एक पाय आखूड असलेली पॅन्ट घातली होती, आत येताना मी पाहिलं होतं. आमच्या मागे कठड्याला टेकून दोघी उभ्या होत्या, बँडचं चित्र असलेले शर्ट घालून.

"ड्रमर तो जुना नाही ना?" एकीने विचारलं.

"नाही गं, तो वारला ना."

नवऱ्याने ऐकलं की नाही माहीत नाही. तो खिशातून पट्टा काढून उजव्या मुठीवर चढवत होता. चिकटपट्टी त्याला एका हाताने लागत नव्हती. मी लावून दिली. दुसरं काय करणार होते?

अंधार झाला. मोठ्या पडद्यावर डावा हात आणि दोन काठ्या आल्या, आमच्या खिडकीचं काळं कापड मागे. चेहरा नव्हता. पट्टाही दिसत नव्हता, चित्र तिथूनच कापलं होतं. सगळ्या लोकांनी हात वर केले.

टक. एक, माणसं ओरडली. टक. दोन. टक. तीन. टक. चार.

टक.

पाच! अख्खं सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत कवळी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता, इतक्या लांबून मला त्याचे हलणारे खांदे दिसले. दिवे लागले, त्या पोराने ड्रमवर झोड उठवली, आणि घशाने तोंड उघडलं. अगदी वेळेवर.

"हा पाचवा माझा नाही," नवरा मला म्हणाला. मी मान हलवली. मला माहीत आहे, मी म्हटलं, पण त्या गोंगाटात त्याला काय ऐकू येणार.

मग त्याने डावा हात वर केला. जमेल तितका वर, खुर्चीतून अर्धवट उठून, अंगठा आत दुमडून. चार बोटं. स्टेजकडे धरलेली, घशाला दिसावी म्हणून. त्याने तो खाली घेतला नाही.

मागून कोणीतरी त्याच्या खांद्यावर टकटक केलं. त्याने वळून बघितलं. त्याच्या तोंडाच्या चालत्या बाजूवर हसू आलं होतं, कोणीतरी ओळखलं या आशेने.

"काका," मागच्या दोघींतली एक म्हणाली, "हात खाली घ्या ना. दिसत नाहीये."

त्याने हात खाली घेतला.